बारशाचा दिवस आणि जगाची वार्ता

आपल्या भागातील कोणत्याही प्राथमिक शाळेचे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे जनरल रजिस्टर उघडून पाहिले, तर एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. पानामागून पान उलटीत जावे, आणि नावापुढे जन्मतारीख एकच आढळावी : १ जून. जणू काय गावातील सारी बाळे ज्येष्ठाच्या तोंडावर, मृगाच्या पावसाची वाट पाहत, एकाच दिवशी जन्मास येत असत ! याचे कारण सर्वांस ठाऊक आहे. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई, मुलास सहा वर्षे पुरी झालेली असावयाची, आणि पालकांस तारीख सांगता येत नसे. मग मुलाची उंची, पडलेले दात आणि आईबापांचा अंदाज यांवरून वर्ष ठरे, व दिवस १ जून असा मांडला जाई. व्यवहार सुरळीत चाले, पण त्या एका तारखेखाली हजारो माणसांचे खरे जन्मदिवस झाकून गेले.

पालकांस तारीख ठाऊक नसे, याचा अर्थ त्यांस दिवस ठाऊक नसे असा मात्र नव्हे. इंग्रजी महिना आणि आकडा त्यांच्या उपयोगाचा नव्हता, एवढेच. त्यांचे पंचांग निराळे होते. तिथी, वार, नक्षत्र, पेरणी, काढणी, जत्रा आणि वारी यांवर त्यांचे वर्ष चाले. आणि वर्षांची ओळख पटविण्यास ते मोठ्या घटनांचा आधार घेत. आमच्या निरगुडसर गावी, आणि आंबेगाव-जुन्नर या दोन्ही तालुक्यांत, जुनी माणसे अशाच भाषेत बोलत. ‘मानमोडीच्या साथीत मी पाळण्यात होते’, असे आमची आजी सांगे. ‘गांधीजींस मारले त्या साली विहीर खोदली’, ‘पानशेत फुटले तेव्हा थोरल्याचे लग्न ठरले होते’, ‘कोयनेचा हादरा बसला त्या पहाटे गाय व्याली’, अशी वाक्ये आपणांपैकी अनेकांनी आपल्या ओसरीवर ऐकली असतील.

ही वाक्ये सामान्य वाटली, तरी इतिहासाच्या दृष्टीने ती मोलाची आहेत. मानमोडीची साथ म्हणजे १९१८ सालचा इन्फ्लुएन्झा. पहिले महायुद्ध संपत आले असता तो जगभर पसरला, जून महिन्यात मुंबईस पोहोचला, आणि पावसाळा सरता सरता त्याची दुसरी लाट खेडोपाडी शिरली. हिंदुस्थानात त्याने एक कोटीहून अधिक माणसांचा बळी घेतला. गांधीजींचा वध ३० जानेवारी १९४८ रोजी शुक्रवारी सायंकाळी झाला. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले व पुणे शहरात हाहाकार उडाला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी सोमवारी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी झाला. म्हणजे ज्या बाईस अक्षरओळख नव्हती, तिच्या एका वाक्यावरून गाय व्यालेली पहाट आपणांस मिनिटापर्यंत सांगता येते. गावच्या दप्तरात ती नोंद मिळणार नाही, आणि जगाच्या इतिहासात त्या गाईस स्थान नाही. पण दोन्ही एकत्र ठेवली की घरचा एक साधा दिवस काळाच्या ओघातून वर काढता येतो.

हे कसे घडते, हे एका उदाहरणाने सांगतो. उदाहरण आमच्याच घरचे आहे, कारण त्याचे कागद व साक्षीदार माझ्या आटोक्यातील होते. परंतु असे उदाहरण आपल्या प्रत्येक घरी सापडेल, याविषयी मला शंका नाही.

माझी धाकटी बहीण निरगुडसर येथे राहत्या घरी जन्मली. शाळेच्या दाखल्यावर तिची तारीख अर्थातच १ जून १९६९ अशी आहे. १९७२ च्या दुष्काळी वर्षात, परदेशातून आलेली मिलो ज्वारी घरोघर रांधली जात होती त्या दिवसांत, आमची आई अल्पशा आजाराने निवर्तली. बहीण तेव्हा तीन वर्षांची होती. आईचा चेहरा तिला आठवत नाही. घरात आईचे छायाचित्र नव्हते, कारण त्या काळी छायाचित्र काढण्याचा प्रसंग आमच्यासारख्या घरांत लग्नातही क्वचितच येई. बहिणीची मुले मोठी झाली, नातवंडे झाली, आणि ती एकदा मला म्हणाली, “दादा, माझी खरी तारीख नसली तरी चालेल. पण आई होती तेव्हाचा, आईचा आणि माझा मिळून एखादा दिवस तुम्हांला सांगता येईल का ?” या प्रश्नाचे उत्तर ‘आठवत नाही’ असे देऊन भागण्यासारखे नव्हते.

शोधास आरंभ केला तो आत्याच्या एका वाक्यापासून. आत्या बहिणीस नेहमी म्हणे, “तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या त्या दिवशी माणूस चांदावर गेला.” गावातील आणखी दोन वृद्ध स्त्रियांनी विचारल्यावर हेच सांगितले. बारसे तर आळीत दर महिन्यास कुणाचे ना कुणाचे असे; गेल्या साठ वर्षांत त्यांनी किती घुगऱ्या खाल्ल्या असतील याची गणती नाही. हेच एक बारसे तिघींच्या ध्यानी राहिले, याचे कारण त्या दिवशी आलेली वार्ता. चंद्रावरच्या माणसाने आमच्या घरच्या पाळण्यास स्मृतीत जागा मिळवून दिली.

आता ती वार्ता काय होती व केव्हाची, हे नीट पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या अपोलो ११ या यानातून आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन व कॉलिन्स हे तिघे निघाले होते. त्यांपैकी पहिले दोघे चंद्रावर उतरले. पुस्तकांतून ही तारीख २० जुलै १९६९ अशी दिलेली असते. परंतु ती अमेरिकेची तारीख होय. आपल्या घड्याळाप्रमाणे यान उतरले तेव्हा रात्रीचे एक वाजून सत्तेचाळीस मिनिटे झाली होती, म्हणजे सोमवार, २१ जुलै सुरू झाला होता. आर्मस्ट्राँगने शांतिसागर नामक मैदानावर पहिले पाऊल ठेवले तेव्हा निरगुडसरास सकाळचे आठ वाजून सव्वीस मिनिटे झाली होती. घरोघर न्याहारी आटोपून माणसे खुरपणीस व कोळपणीस निघण्याची ती वेळ. आषाढी एकादशी चार दिवसांवर होती, आणि गावची माळकरी मंडळी दिंडीसमवेत पंढरीच्या वाटेवर होती. आमचे आजोबाही त्यांत होते. म्हणून बारशाच्या दिवशी ते घरी नव्हते, हेही आत्यास आठवत होते, आणि ते जुळते.

पण आठवण जुळली म्हणून इतिहासाने लगेच मान डोलवू नये. मोठी वार्ता ही लोहचुंबकासारखी असते. आजूबाजूच्या दिवसांतील आठवणीही ती आपल्याकडे ओढून घेते. उदाहरणार्थ, आमचे एक आप्त आग्रहाने सांगत की त्यांनी चंद्रावरचा माणूस त्याच दिवशी दूरचित्रवाणीवर पाहिला. ते अशक्य होय. १९६९ साली भारतात दूरचित्रवाणी केवळ दिल्लीस होती; मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यांनी पुढे केव्हातरी ते चित्र पाहिले असावे, आणि मनाने ते मागे नेऊन त्या दिवसास चिकटविले असावे. दुसऱ्या एका गृहस्थांस त्या रात्री पौर्णिमेचे टिपूर चांदणे आठवत होते. तेही खरे नव्हे. त्या दिवशी शुद्ध षष्ठी-सप्तमीच्या सुमाराचा अर्धा चंद्र होता. आठवणीस खोटेपणाचा दोष देऊ नये, परंतु तिची उलटतपासणी करावी.

तशी ती आम्ही केली. आमच्याकडे बारसे बाराव्या दिवशी करतात. काही घरांत मुलीचे तेराव्या दिवशी करण्याचाही प्रघात आहे. २१ जुलै हा बारावा दिवस धरला, तर जन्म १० जुलै, वार गुरुवार. तेरावा धरला, तर ९ जुलै, वार बुधवार. आजी आपल्या हयातीत सांगत असे की पोर ‘बेस्तरवारी, धोंड्याचा महिना सरता सरता’ झाली. १९६९ साली अधिक आषाढ होता व तो १४ जुलै रोजी संपला. म्हणजे धोंड्याचा महिना सरत आला होता हे बरोबर, आणि बेस्तरवार म्हटल्यावर ९ तारीख बाद होऊन १० राहिली. आत्याने आणखी एक गोष्ट सांगितली : पाचवी पुजली ती अवसेच्या दिवशी, आणि तीही सोमवारची, म्हणून आजीच्या मनास धाकधूक लागून तिने रात्रभर दिवा विझू दिला नाही. १० जुलै हा पहिला दिवस मोजला, तर पाचवा दिवस १४ जुलै येतो. तो सोमवार होता, आणि अधिक आषाढाची अमावास्या त्याच दिवशी होती. आजीस वा आत्यास इंग्रजी तारखा ठाऊक नव्हत्या. म्हणून त्यांनी हिशेब जुळवून सांगितला असे म्हणण्यास जागाच राहत नाही. तीन स्वतंत्र साक्षी एका दिवसावर येऊन मिळाल्या.

याउपर लेखी पुरावाही निघाला. तीर्थरूप वडील घरच्या खर्चाची वही ठेवीत. वह्यांचे गाठोडे माळ्यावर होते. उंदीर-वाळवीच्या तावडीतून त्यांपैकी काही वाचल्या. १९६९ च्या वहीत ता. २१ जुलै, सोमवार या दिवसाखाली गूळ, हरभरे, खोबरे, पानसुपारी व पाळण्याचा दोर अशा जिनसा आहेत. त्यांखाली ‘खण एक, सौ.चे सांगण्यावरून हिरवा’ असे लिहिले आहे. आणि सर्वांत शेवटी, जमाखर्चाशी काही एक संबंध नसता, एक ओळ आहे : ‘आज माणूस चंद्रावर चालला.’ वडिलांनी अशी जगाची वार्ता त्या वहीत फारशी कधी लिहिलेली नाही. दोनच दिवस आधी, १९ जुलै रोजी, चौदा मोठ्या बँका सरकारने ताब्यात घेतल्या होत्या व वर्तमानपत्रे त्या बातमीने भरून गेली होती. परंतु वहीत तिचा उल्लेख नाही. आमच्या घरी त्या वेळी बँकेत ठेवण्याजोगे काही नव्हते, हे त्याचे कारण असावे.

त्या दिवशीची हकीगत यावरून पुष्कळशी उभी करता येते. आळीत एका घरी ट्रँझिस्टर होता, तेथे सकाळी माणसांनी बातम्या ऐकल्या. वर्तमानपत्र मंचरहून येई व ते उशिरा मिळे. दुपारी बायका जमल्या, पाळणा म्हटला गेला, घुगऱ्या वाटल्या. पंढरीच्या वाटेवरील आजोबांस नातीचे नाव काय ठेवले ते परत आल्यावरच कळावयाचे होते. संध्याकाळी, आत्या सांगते, आईने बाळ मांडीवर घेऊन आजीस विचारले की चांदावर गेलेली माणसे आता कोठे असतील, परत आली असतील का. आजी म्हणाली, “देव जाणे. पण त्यांच्याही आया वाट बघत असतील.” त्यावर आई अंगणात गेली व ढगांतून चंद्र दिसतो का ते पाहू लागली.

या संभाषणाची शहानिशा करता येत नाही, परंतु त्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. यान उतरले त्या घटकेस, आणि सकाळी पहिले पाऊल पडले त्या घटकेसही, आपल्याकडे चंद्र क्षितिजाखाली होता. सोमवारी दिवस मावळला तेव्हा मात्र तो आकाशात होता, आणि ते दोघे त्यावरच होते. सुमारे अडीच तास बाहेर चालून, एकवीस किलोहून अधिक दगडमाती गोळा करून ते यानात परतले होते, व विश्रांती घेत होते. आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री अकरा वाजून चोवीस मिनिटांनी त्यांनी चंद्र सोडला. तेव्हा त्या संध्याकाळी आमच्या आईने ढगांच्या फटीतून चंद्राचा तुकडा पाहिला असेल, तर तिने खरोखरच माणसे असलेला चंद्र पाहिला. बहिणीस हे सारे लिहून दिले. तिने तो कागद देवघरात ठेवला आहे. त्यात हिरव्या खणाची ओळ आहे, कारण आईने एखादी वस्तू मागितल्याचा आमच्या घरातील तेवढाच लेखी पुरावा होय.

येथे वाचकांच्या मनात असा प्रश्न येईल की एका घरच्या गोष्टीस इतिहास म्हणावे काय ? माझे उत्तर होय असे आहे. जगातील सुमारे साठ कोटी माणसांनी ते चंद्रावरील पाऊल चित्ररूपाने पाहिले असे सांगतात. आपण पाहिले नाही. आपण ते ऐकले, दुसऱ्यास सांगितले, आणि आपापल्या कामास लागलो. जगातील बहुसंख्य माणसांनी तो दिवस आपल्यासारखाच काढला. तो कसा काढला, हे अमेरिकेच्या ग्रंथांत मिळणार नाही. ते आपणच लिहिले तर राहील.

शिवाय, आपला प्रदेश जगाच्या वार्तेपासून फार दूर राहिला आहे असेही नाही. चंद्रावरील त्या दिवसानंतर दोनच वर्षांत, १९७१ साली, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वी येथे भारताचे पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. परदेशांशी होणारे दूरध्वनी व तारा उपग्रहामार्फत त्या प्रचंड तबकडीतून जाऊ-येऊ लागल्या. ज्वारी-बाजरीच्या शेतांशेजारी जगाच्या वार्ता उतरत होत्या. आणि त्याच वेळी आपल्या गावांतून मुंबईस गेलेल्या मुलाची खुशाली पोस्टकार्डाने चार दिवसांनी कळत होती, हीही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्याच तालुक्यात खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तीत आहेत. काही खोडदच्या शिवारात एकत्र, व बाकीच्या तीन दिशांनी दूरपर्यंत पसरलेल्या. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे शियापरेली हे यान मंगळावर उतरत असता त्याचा अत्यंत क्षीण संदेश खोडदच्या तबकड्यांनी टिपला, आणि उतरण्याच्या अखेरच्या क्षणी तो थांबला हेही येथेच कळले. ते यान मंगळावर आदळून नष्ट झाले. त्या संध्याकाळी शेजारच्या वाड्या-वस्त्यांवर माणसे गाईम्हशींच्या धारा काढीत होती, डेअरीवर दूध घालीत होती. कोट्यवधी मैलांवरील एका यंत्राचा शेवटचा शब्द आपल्या शेजारी ऐकला गेला, हे त्यांपैकी किती जणांनी आपल्या घरच्या आठवणीत जोडून ठेवले असेल ?

पुढे २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी आपले चंद्रयान ३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरले. या वेळी निरगुडसरात ते पाहिले नाही असे घर क्वचितच असेल. हातातील मोबाईलवर मुले ते पाहत होती. पंचांग उघडून पाहता एक गंमत आढळली. १९६९ साली अधिक आषाढ संपल्यावर निज आषाढातील सप्तमीच्या सुमारास माणूस उतरला. २०२३ साली अधिक श्रावण संपल्यावर निज श्रावणातील शुद्ध सप्तमीस चंद्रयान उतरले. धोंड्याचा महिना हा योगायोग आहे, परंतु सप्तमीस कारण आहे. दोन्ही याने चंद्राच्या पूर्वेकडील अंगास उतरली, आणि तेथे सूर्य उगवून थोडाच वेळ झाला असता उतरावयाचे होते. १९६९ साली लांब पडलेल्या सावल्यांवरून खड्डे ओळखता यावेत म्हणून ही वेळ धरली होती. २०२३ साली उतरल्यावर पुढे चौदा दिवस ऊन मिळावे हाही हेतू होता. त्या भागात सूर्योदय शुद्ध पक्षाच्या पंचमी-षष्ठीच्या सुमारास होतो. आपल्या आज्यांचे तिथीचे ज्ञान आणि शास्त्रज्ञांचे गणित यांत वैर नाही. दोघे एकाच चंद्राकडे पाहतात.

येथवर जगाची वार्ता आपल्या घरी येण्याचे सांगितले. याच्या उलट प्रकारही आपल्या तालुक्यास ठाऊक आहे, आणि तो सांगितल्यावाचून हा लेख अपुरा राहील. महाळुंगे पडवळ येथील बाबू गेनू हा मुंबईस गिरणीत राबणारा तरुण. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी भागात परदेशी कापडाची मोटारलॉरी अडविताना तो तिच्याखाली चिरडला गेला. त्या सकाळी त्याच्या गावी रोजच्यासारखीच कामे चालू असतील. घरच्यांस तो दिवस काही निराळा नव्हता, वार्ता येईपर्यंत. आज डिंभे धरणाच्या जलाशयास त्याचे नाव आहे. त्याच जलाशयाखाली मूळचे आंबेगाव गेले. तालुक्याचे नाव राहिले, गाव राहिले नाही. ज्या दिवशी तेथील घराघरांतून चूल शेवटची विझविली गेली, तो दिवस कोणी लिहून ठेवला असेल तर तो त्या कुटुंबांनीच.

आणि ३० जुलै २०१४ चा बुधवार. तालुक्याच्या पश्चिमेस, डोंगराच्या कुशीत, माळीण गावी मुसळधार पाऊस चालू होता. सकाळी डोंगराचा कडा सुटला व काही क्षणांत गावातील घरे चिखलमातीखाली गेली. १५१ माणसे दगावली. नेहमीप्रमाणे आलेल्या एस.टी.च्या चालकास गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा ही गोष्ट बाहेर कळली. एक माता व तिचे तान्हे मूल ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. त्या दिवशी जगातील वर्तमानपत्रांनी आपल्या तालुक्याचे नाव छापले. जगाने आकडा वाचला व दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी वाचली. परंतु आदल्या दिवशीचे माळीण, म्हणजे मंगळवार, २९ जुलैचे माळीण, त्यात कोण कोणाकडे पाहुणा आला होता, कोणाची भातलावणी उरकली होती, कोणती मुलगी माहेरी आली होती, हे बातमीत नव्हते. ज्यांनी ते सांगावयाचे, त्यांपैकी पुष्कळ जण त्याच मातीखाली गेले. साधा दिवस लिहून ठेवण्याचे महत्त्व मला त्या घटनेने जितके पटले, तितके कोणत्याही ग्रंथाने पटले नाही.

या गोष्टीस व्यवहाराचीही एक बाजू आहे, आणि ज्ञातिसंस्थेच्या या अंकात तिचा उल्लेख करणे उचित होईल. जन्म व मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालीच संमत झाला. त्यापूर्वी गावच्या जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे ज्यास आपण कोतवाल बुक म्हणतो त्यात होत असे. त्यांतील कित्येक पाने जीर्ण झाली आहेत, कित्येक मोडीत आहेत. आज आपल्या मुलांस जातपडताळणीसाठी जुना पुरावा लागतो : अनुसूचित जाती-जमातींस १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. तेव्हा मग पणजोबाचा शाळेचा दाखला, एखादे जुने खरेदीखत, कोतवाल बुकाची नक्कल यांसाठी धावाधाव होते. पणजोबा कोणत्या साली, कोणत्या गावी शाळेत होते हेच ठाऊक नसेल, तर शोध कोठे करावयाचा ? अशा वेळी ‘ते पहिलीत होते तेव्हा अमुक घडले’ एवढे आजीचे वाक्यही रजिस्टर शोधणाऱ्यास योग्य पानाकडे नेते. आठवण हा कचेरीत चालणारा पुरावा नव्हे, हे खरे. परंतु पुराव्यापर्यंत नेणारी वाट ती असते.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस माझी विनंती अशी आहे. प्रत्येक घरी एक जाड पुठ्ठ्याची वही करावी. घरातील वृद्धांजवळ बसून त्यांस तारीख विचारू नये, कारण ते ‘ठाऊक नाही’ म्हणतील व संभाषण तेथेच संपेल. त्यांस विचारावे की तेव्हा शेतात काय उभे होते, वार कोणता होता, घरी कोण होते व कोण परगावी होते, आणि त्या सुमारास लोक कशाविषयी बोलत होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा जगाच्या इतिहासाशी जुळते, व तारीख त्यातून आपोआप निघते. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहावे; ‘बेस्तरवार’ म्हणाले तर ‘गुरुवार’ असे सुधारू नये. मग पंचांगाशी ताडून पाहावे, आणि जुळले नाही तर जुळले नाही असेही प्रामाणिकपणे लिहावे. जुन्या खर्चाच्या वह्या, पोस्टकार्डे व लग्नपत्रिका रद्दीत घालण्यापूर्वी एकवार वाचाव्यात. मोडी कागद न वाचताच टाकू नयेत. मोडी जाणणारी माणसे अजून आहेत.

हे काम उद्यावर ढकलण्यासारखे नाही. १९६९ सालच्या घुगऱ्या ज्यांनी जाणत्या वयात खाल्ल्या, त्या स्त्रिया आज सत्तरीच्या पुढे आहेत. १९४८ ची संध्याकाळ ज्यांस आठवते, ते नव्वदीस टेकले आहेत. संस्थेच्या पुढील वार्षिक अंकात अशा दहा घरांच्या वह्यांतील दहा दिवस जरी छापता आले, तरी आपल्या ज्ञातीचा जो इतिहास आजवर केवळ पदाधिकाऱ्यांच्या व देणगीदारांच्या नावांनी लिहिला गेला, त्यात घराघरांतील माणसांसही जागा मिळेल. त्याकरिता देणगी लागत नाही. वही, लेखणी, आणि घरातील वृद्ध माणसाजवळ बसण्यास एक दुपार, एवढेच लागते.